कॅरिबूचा कळप ३८ वरून ११४ वर कसा गेला? आणि सातपुड्याच्या पायथ्याला त्यातलं काय चालेल?

तापीकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात क्लिन्सी-झा नावाचा कॅरिबूंचा (थंड मुलखातलं हरीण, म्हणजेच रेनडियर) कळप आहे. १९९०च्या दशकात अंदाजे २५० जनावरं होती, २०१३ मध्ये ३८ उरली. पुढे २०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये ११४. त्या देशातले बाकीचे बरेच कळप अजून घसरतच आहेत, म्हणून हा आकडा खटकला.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

कळप उतरला कशामुळे? जिथं बघावं तिथं "लांडग्यांनी खाल्ले" एवढंच. पण लांडगे तर तिथं आधीपासून होतेच ना?

गाभण माद्या कुंपणात ठेवून पाडसं जगवली असं वाचलं. रानटी जनावर, तेही गाभण, पकडून महिनोन् महिने कोंडायचं म्हणजे नक्की काय करतात? त्यात काय बिघडतं?

आणि यावल, चोपडा, शिरपूरकडच्या माळांवरच्या चिंकाऱ्यासाठी यातलं काही उपयोगाचं आहे का? एका वनहक्क समितीसाठी दोन पानांचं टिपण करायचं आहे. "निसर्ग वाचवा" छाप मजकूर नको. आकडे आणि कामं हवीत.

पालची_पायवाट

भाऊ, लांडगे आधीपासून होते हाच खरा धागा आहे. शिकारी आणि सावज दोघंच असतील तर सावज कमी झालं की शिकारी उपाशी पडतो, तोही कमी होतो, सावज पुन्हा सावरतं. इथं तसं झालं नाही, कारण लांडग्याचं पोट कॅरिबूवर चालतच नव्हतं.

आपल्या केळीवाल्यांना हे लगेच कळेल. हरण्या रोग (नावही योगायोगानं हरणाचंच) म्हणजे कुकुंबर मोझॅकचा विषाणू, आणि तो मावा आणतो. मावा मुख्यतः केळीवर पोसला जात नाही. तो काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, बांधावरचं तण यांवर फुगतो आणि जाता जाता केळीत सोंड खुपसतो. काकडीचा वेल त्यातूनही चार फळं देऊन जातो, केळीची बाग बसते. म्हणूनच केळीत किंवा शेजारी काकडीवर्गीय पीक घेऊ नका म्हणतात. नुसती फवारणी केली आणि शेजारी काकडी तशीच ठेवली तर पंधरा दिवसांत मावा परत हजर.

तिकडे कॅरिबू ही केळी, मूस ही काकडी आणि लांडगा हा मावा.

मूस म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण. त्याला कोवळी पालवी लागते. जुनं जंगल तोडलं की तिथं झुडपं आणि कोवळी झाडं उठतात, मूस आणि इतर हरणं वाढतात, त्यांच्यावर लांडगे वाढतात. कॅरिबू मात्र जुन्या जंगलात आणि उंच, वाऱ्यानं बर्फ उडून गेलेल्या डोंगरधारांवर राहतो. तिथं त्याचं हिवाळ्यातलं खाणं म्हणजे लायकेन. आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावकीच ती. हे इतकं हळू वाढतं की तोडलेल्या जंगलात पुन्हा पोटभर व्हायला अनेक दशकं जातात. इतरांपासून लांब राहणं हीच कॅरिबूची ढाल. तो लपून बसत नाही की कळपानं उलटा हल्ला करत नाही, तो फक्त जिथं दुसरं कोणी नाही तिथं जाऊन राहतो. तोड वर सरकत गेली आणि ते अंतर संपलं.

त्यात रस्ते. तेल-वायूच्या शोधासाठी जंगलातून सरळ रेषेत पट्टे कापतात. खोल बर्फात लांडगा दमतो, पण असा पट्टा किंवा स्नोमोबाइलनं दाबलेली वाट मिळाली की एका रात्रीत कितीतरी जास्त मुलूख पालथा घालतो. शिवाय १९६८ मध्ये पीस नदीवर बेनेट धरण पूर्ण झालं. त्यामागच्या विलिस्टन जलाशयानं दरीच बुडवली आणि कळपांच्या जुन्या येण्या-जाण्याच्या वाटा तुटल्या. वेस्ट मोबर्ली या तिथल्या आदिवासी समाजातले म्हातारे सांगतात, एके काळी कॅरिबू रानभर किड्यांसारखे होते.

आता टिपणात घालायचा हिशेब. कॅरिबूची मादी वर्षाला एकच पाडस देते आणि पहिलं पाडस बहुधा तिसऱ्या वर्षी. प्रौढ माद्यांपैकी वर्षाकाठी ८५ टक्के जगल्या असं धरा, म्हणजे १०० मागे १५ गेल्या. ती जागा भरायला हिवाळा संपताना दर १०० माद्यांमागे २९च्या आसपास पाडसं जिवंत असावी लागतात, कारण त्यातली निम्मी नरच असतात. त्या २९चे २० झाले की कळप उतरणीला लागला, जंगलात एकही मेलेलं जनावर कुणाला दिसलं नाही तरी. आणि मादीचं जगणं ८५ वरून ७५ वर आलं तर नुसती पाडसं जगवून भरपाई करणं फार अवघड. एक मादी गेली म्हणजे तिची पुढच्या सगळ्या वर्षांची वीण गेली.

३८ वरून आठ वर्षांत १०१, म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला सुमारे १३ टक्के. वर्षाला एकच पाडस देणाऱ्या जनावरासाठी हा वेग चांगलाच आहे.

भुसावळ_जंक्शन

एवढं लांबण कशाला भो. लांडगे मारले म्हणून वाढले, सरळ सांगा ना.

पालची_पायवाट

मारले, हे खरं. २०१३ पासून आधी तिथल्या आदिवासी समाजातल्या शिकाऱ्यांनी सापळे लावून, पुढे प्रांत सरकारनं हेलिकॉप्टरमधून. प्रांताचं लक्ष्य होतं हजार चौरस किलोमीटरमागे तीनपेक्षा कमी लांडगे. दर हिवाळ्यात करावं लागतं, कारण शेजारून नवे येतातच. यावर कॅनडात आजही कडाक्याचा वाद आहे आणि तो असायलाच हवा.

पण "म्हणून वाढले" एवढ्यावर थांबलात तर चुकाल. दक्षिण सेलकर्कचा कळप बघा, अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचा. तिथंही उशिरा उशिरा लांडगे कमी केले, तरी २०१८ मध्ये तीन माद्या उरल्या. २०१९च्या जानेवारीत उरलेली एक मादी पकडून ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोककडे नेली आणि अलास्का सोडून बाकीच्या अमेरिकेतून कॅरिबू संपला. रेव्हलस्टोकजवळ २०१४ ते २०१८ गाभण माद्यांचं कुंपण चालवलं, अपेक्षित फळ आलं नाही म्हणून बंद केलं. त्याच भागात उलट्या बाजूनंही प्रयोग झाला. मूसच्या शिकारीचे परवाने वाढवून मूस ८० टक्क्यांच्या आसपास कमी केले. लांडगे आपोआप पांगले, मोठा कळप स्थिरावला. पण छोटे कळप तरीही उठले नाहीत.

म्हणजे एकेक उपाय घसरण थांबवतो किंवा हळू करतो. क्लिन्सी-झाला दोन उपाय एकाच वेळी झाले: लांडगे कमी केल्यानं प्रौढ माद्या जगल्या, कुंपणामुळे पाडसं जगली. वरच्या हिशेबातल्या दोन्ही बाजू एकदम सुधारल्या.

आणि तिसरी गोष्ट, जी बातमीत शेवटच्या ओळीत येते. २०२० मध्ये कॅनडा सरकार, प्रांत, वेस्ट मोबर्ली आणि सोटो हे दोन समाज यांचा करार झाला. ७,९८६ चौरस किलोमीटर मुलखाला संरक्षण. त्याआधी या कळपाच्या मुलखातला फक्त १.८ टक्के भाग संरक्षित होता, करारानंतर ८५ टक्क्यांहून जास्त. जंगल जुनं होईपर्यंत मूस कमी होणार नाहीत, म्हणजे लांडग्यांचं आणि कुंपणाचं काम अजून अनेक वर्षं चालू ठेवावं लागणार. करार नसता तर ते काम कायमचं झालं असतं. काकडी तशीच, फवारणी दर पंधरवड्याला.

गुरांचा_दवाखाना

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. त्या कुंपणाला इथं बाळंतवाडा म्हणू, समजायला सोपं.

वेळ: मार्चमध्ये पकडतात, जुलैच्या अखेरीस सोडतात. कॅरिबूचा गाभणकाळ साडेसात महिन्यांच्या आसपास आणि वेत मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला. मार्चच का? बर्फात जनावर वरून दिसतं, पळताना दमतं, आणि थंडीमुळे अंग तापून मरण्याचा धोका कमी असतो. जुलैअखेरच का? अस्वल, लांडगा, वुल्व्हरीन यांचा सगळ्यात मोठा घास पहिल्या काही आठवड्यांतल्या पाडसाचा. दोन महिन्यांचं पाडस आईच्या बरोबरीनं धावतं.

पकडणं: हेलिकॉप्टरमधून जाळं फेकतात. पाठलाग जितका छोटा तितकं बरं, काही मिनिटांच्या वर गेला तर ते जनावर सोडून द्यायचं. जाळ्यात पडल्या पडल्या डोळ्यांवर पट्टी, पाय बांधायचे आणि गुदद्वारात थर्मामीटर. ताप ४१ अंशांच्या वर चढत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून बर्फानं थंड करायचं. रानटी हरीणवर्गीयांत पकडल्यावर स्नायू सडतात, लघवी गडद तपकिरी होते, आणि जनावर त्याच दिवशी किंवा आठवड्याभरानं पडतं. यावर इलाज जवळजवळ नाही, फक्त टाळणं आहे. गाभण आहे की नाही ते रक्तावरून कळतं, कारण रिकाम्या मादीला कोंडून उपयोग नाही. रेडिओ पट्टा याच वेळी बांधून घेतात.

वाडा: काही हेक्टरचा, कळपाच्या स्वतःच्या विणीच्या मुलखातच, उतारावर, आत थोडी झाडी. कुंपणाला उंच काळं कापड लावतात, रस्त्याच्या भरावात घालतात तसलं जिओटेक्स्टाइल. जाळीचं कुंपण चालत नाही. जनावराला पलीकडचं दिसतं, ते धडक मारतं, पाय आणि शिंगं अडकतात. कापडाला ते भिंत समजतं. बाहेरच्या शिकाऱ्यालाही आतलं दिसत नाही. कापडाच्या बाहेर झटका मशीनच्या तारा. इथं एक गोम आहे: कोरडा बर्फ आणि गोठलेली जमीन वीज वाहून नेत नाही, त्यामुळे आपल्यासारखा एक अर्थिंगचा गज रोवून भागत नाही. एक तार झटक्याची आणि एक अर्थिंगची अशा आलटून पालटून ओढतात, म्हणजे अस्वलानं दोन्हींना एकदम अंग लावलं की मंडल पूर्ण होतं. (आपल्याकडे मे महिन्यात नेमकी हीच तक्रार. जमीन कोरडी ठाक, झटका लागत नाही, मग कुणीतरी थेट मेनलाइन जोडतो. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात. गजाभोवती कोळसा-मीठ भरून पाणी ओता किंवा अर्थिंगची दुसरी तार ओढा.)

खाणं: इथं सगळ्यात जास्त चुका होऊ शकतात. हिवाळाभर दगडफुलासारखं लायकेन खाल्लेलं जनावर. त्याच्या कोठीपोटातले जंतू त्याच खाण्याला लागलेले. पहिल्याच दिवशी गोळीखाद्य पोटभर दिलं तर आम्लता होऊन जनावर बसेल. गायीनं चुकून मक्याचा भरडा खाल्ल्यावर होतं तसंच. म्हणून तिथल्या समाजातले लोक पिशव्या भरभरून हातानं लायकेन वेचून आणतात. सुरुवातीला तेच, मग त्यात थोडं गोळीखाद्य, मग प्रमाण हळूहळू उलटं करत नेतात. वेचणारे हात कमी पडले तर ही पायरी आखडली जाते आणि तिथंच घोळ होतो.

राखण: विणीच्या सगळ्या काळात वाड्याशेजारी माणूस. पाळीपाळीनं, दिवसरात्र. तारांचा दाब तपासणं, बाहेरचे माग बघणं, आत कोण व्यालं, कोण दूर उभं आहे, कोण खात नाही याची नोंद. आत जाऊन हाताळणं कमीत कमी. पाडसाला माणसाची सवय लागली तर वाडा फुकट गेला.

सोडणं: फाटक उघडून ठेवायचं आणि लांब व्हायचं. हाकलायचं नाही. हाकललं की मायलेकरं वेगळी होतात, आणि एकटं पाडस त्या रात्री टिकत नाही.

उणीव सांगायची तर वर्षाला डझन-दीड डझन माद्याच आत मावतात. शंभराच्या आतल्या कळपाला एवढ्यानं फरक पडतो, हजाराच्या कळपाला नाही. खर्च प्रचंड. आणि एकाच जागी वर्षानुवर्षं वाडा ठेवला तर मातीत जंत, जंतू साठतात, आपल्या शेळ्यांच्या गोठ्यासारखंच.

दगडफूल

नाव माझं निघालंच आहे तर दोन शब्द.

सगळे जण "कमी झाले" एवढंच बोलतात. वाढून पुन्हा पडलेला कळपही टिपणात घ्या. अलास्का-युकॉनच्या सीमेवरचा फोर्टीमाइल कळप. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लाखांत होता, १९७०च्या दशकात सहा-सात हजारांवर आला. शिकार आखडली, १९९०च्या दशकाअखेर काही लांडग्यांची नसबंदी केली, काहींना उचलून दूर सोडलं. २०१७ पर्यंत कळप सुमारे ८४ हजारांवर गेला. टाळ्या पडल्या. त्यानंतर पाच वर्षांत ४० हजारांच्या आसपास.

का? चारा. लायकेन तुडवलं आणि खाल्लं गेलं की वर्षाच्या पावसानं उगवत नाही. माद्या हलक्या भरू लागल्या, पहिलं पाडस उशिरा येऊ लागलं. ही लक्षणं गणनेत आकडा पडण्याआधी दिसतात. म्हणून तिथले लोक हिवाळ्याच्या तोंडाशी पाडसांचं वजन आणि तीन वर्षांच्या किती माद्या गाभण आहेत हे बघतात. नुसती डोकी मोजणारा नेहमी दोन-तीन वर्षं उशिरा जागा होतो.

टुंड्रातले मोठे कळप असे वरखाली होतच असतात. पश्चिम आर्क्टिक कळप १९७६ मध्ये ७५ हजार, २००३ मध्ये ४ लाख ९० हजार, २०२३ मध्ये १ लाख ५२ हजार. त्याला लगेच "संपला" म्हणू नये. डोंगरी कळप ३८ वर येणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथं एक वाईट हिवाळा किंवा एक हिमस्खलन पुरतं.

एक बारीक दुरुस्ती, टिपणात चुकू नये म्हणून. कॅरिबूच्या मादीलाही शिंगं असतात, पण ती सांबरशिंगासारखी, दरवर्षी गळणारी. चिंकाऱ्याची शिंगं गळत नाहीत. मोजणीत याचा फायदा होतो. मोठे नर माजानंतर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच शिंगं टाकतात, गाभण माद्या वेत होईपर्यंत ठेवतात. मार्चमध्ये शिंगं असलेलं मोठं जनावर दिसलं तर ती बहुतेक गाभण मादी.

पालची_पायवाट

तिसऱ्या प्रश्नाकडे. बाळंतवाडा इथं विसरा. चिंकारा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. परवानगी मिळाली तरी हे जनावर पकडण्याच्या धास्तीनं मरण्यात कॅरिबूच्याही पुढे आहे. आणि आपल्याकडचा लांडगा स्वतःच अनुसूची एकमध्ये आणि मोजकाच उरलेला. त्याच्याकडे तर बघूही नका.

तिकडून घ्यायचा तो प्रश्न: आपल्याकडची काकडी कोणती? शिकाऱ्याला फुकट कोण पोसतंय?

माझं उत्तर: उकिरडा. भटकी कुत्री चिंकाऱ्यावर जगत नाहीत. ती शिवारात टाकलेल्या मेलेल्या गुरांवर, पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरच्या ढाब्यांच्या उष्ट्यावर जगतात, आणि टोळीनं माळावर गेली की पाडसाचा फडशा पाडतात. चिंकारा उद्या एकही उरला नाही तरी कुत्रं एकानंही कमी होणार नाही. गणित तेच आहे.

कामं अशी:

मेलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नाही. माणूसभर खोल खड्डा, तळाला आणि वर चुना, त्यावर किमान दोन फूट माती, वर काटेरी फांद्या. विहीर आणि नाल्यापासून लांब. कोंबड्यांसाठी पोल्ट्रीवाल्यालाच झाकणाचा खड्डा करायला लावा, तसा ग्रामसभेत ठराव घ्या. मी हे कुत्र्यांच्या नसबंदीच्याही आधी ठेवीन. नसबंदी आणि रेबीजची लस गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना एकाच हंगामात झाली तर परिणाम दिसतो. वर्षभर दहा-दहा करत बसलात तर नवी पिलं पुढे निघून जातात. उकिरडा तसाच ठेवून नसबंदी केली तर शेजारच्या गावची कुत्री जागा भरतात.

ठेलाऱ्यांच्या (मेंढपाळांच्या) आणि गुराख्यांच्या कुत्र्यांना दिवसा गळ्यात लोढणं. जुनीच पद्धत. लाकडाचा ओंडका पुढच्या गुडघ्यांना लागेल असा टांगायचा. कुत्रं चालतं, भुंकतं, राखण करतं, पण धावून हरीण धरू शकत नाही. खर्च शून्य. वाद न घालता मेंढपाळांशी बसून ठरवा, त्यांना लांडग्यापासून कुत्रं हवंच आहे.

मग जागा. चिंकाऱ्याला कुरण लागतं, जंगल नाही. त्यामुळे माळावर झाडं लावणं बंद. हे सांगितलं की लोक अंगावर येतात, पण गवताळ माळावर ग्लिरिसिडिया लावून आणि सलग समतल चर खणून आपण त्याचं घर मोडतो. चराच्या मातीवर आधी गाजरगवत येतं, मग वेडी बाभूळ. घाणेरी काढायची तर पावसाआधी, आणि वरून छाटायची नाही, छाटली की दुपटीनं फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं, झुडूप उलटं करून मुळं वर ठेवायची. पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपं हातानं उपटायची आणि मोकळ्या जागेत मारवेल, पवना असं स्थानिक गवताचं बी टाकायचं. पुढची दोन वर्षं रोपं उपटायला गेला नाहीत तर पहिल्या वर्षाची मजुरी पाण्यात.

चराईबंदी सगळ्या माळावर एकदम लावू नका, पाळली जाणार नाही. तीन भाग करा. एक भाग पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत बंद, गवताचं बी पडू द्या. त्यानंतर विळ्यानं कापून न्या, बैलगाडी भरून न्या हवी तर, पण चारायला सोडू नका. पुढच्या वर्षी दुसरा भाग. बंद भागात गवत उंच राहतं, आणि चिंकाऱ्याचं पाडस पहिले काही आठवडे गवतात दबूनच बसतं. हाच आपला बाळंतवाडा, कापडाशिवाय.

माळ राखायचा अधिकार सामूहिक वनहक्कात आहे, २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) आणि कलम ५ मध्ये. कागद मिळाला असेल तर नियम ग्रामसभा करते. लांब जायला नको, साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार आणि गावानं चारशे हेक्टरच्या आसपास जंगल राखलं ते कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड आणि खबर देणाऱ्याला बक्षीस या साध्या नियमांवर. क्लिन्सी-झालाही तेच दिसतं. दोन्ही ठिकाणी रोज तिथं असणाऱ्यानं राखण केली. वेचलेलं लायकेन आणि रात्रीची पाळी बाहेरून पाठवता येत नाही.

तापीकाठ

मंडळी, भरपूर मिळालं. एकच अडलं. आधी किती आहेत हे लिहायला हवं. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या मोजणीचा आकडा टाकला तर चालेल?

दगडफूल

चिंकाऱ्यासाठी नाही चालणार. हे जनावर पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर बरंच भागवतं, रोज पाणवठ्यावर येत नाही. मचाणावर दोन दिसले म्हणजे दोनच आहेत असं नाही, आणि तेच दोन शेजारच्या पाणवठ्यावर पुन्हा मोजले गेले नाहीत याचीही खात्री नाही. त्या रात्रीतून बिबट्या, अस्वल, तरस आहेत एवढं कळतं.

रेषा आखून चाला. दोन किलोमीटरच्या सरळ रेषा, माळभर विखुरलेल्या, रस्त्याच्या कडेनं नकोत. रस्त्याकडे जनावर मुळात कमी येतं. उजाडल्यावर पहिल्या दोन तासांत दोघांनी चालायचं. एक पुढे बघणारा, एक लिहिणारा. कळप दिसला की चार गोष्टी: तुमच्यापासून अंतर, रेषेपासूनचा कोन, एकूण किती, त्यात पाडसं किती. अंतर डोळ्यांनी ठरवू नका, माळावर माणूस हमखास कमी धरतो. लेझरचं रेंजफाइंडर आणि साधं होकायंत्र पुरे. जनावर पळाल्यावरची जागा लिहू नका, पहिल्यांदा दिसलं तिथली लिहा. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिनं आकडा खाली येतो.

यातून घनता काढायला साठ-सत्तर दर्शनं लागतात. एका हंगामात एवढी मिळणार नाहीत, म्हणून त्याच रेषा तीन-चार वर्षं त्याच महिन्यात चाला आणि दर्शनं एकत्र करा. तोपर्यंत "दर दहा किलोमीटर चालीत किती दिसले" एवढंच लिहा. आणि शेजारी माद्यांमागे पाडसं. कॅरिबूवाल्यांचा २९चा आकडा मात्र इथं उचलून लावू नका, चिंकाऱ्याची वीण वेगळी आहे. आपलाच आकडा वर्षागणिक वर जातोय की खाली एवढं बघा.

गुरांचा_दवाखाना

चालताना गवतात एकटं पाडस दिसलं तर नोंद करून पुढे निघा. ते अनाथ नसतं, आई जवळपासच चरत असते. उचलून आणलेलं पाडस बाटलीच्या दुधावर हगवण लागून मरतं, नाहीतर माणसाळून निकामी होतं. टिपणात हे ठळक अक्षरात घाला, गुराख्यांची पोरं दरवर्षी आणतात.

तापीकाठ

घातलं. "गणना" शब्द काढून "दर दहा किलोमीटर दर्शन" केलं. उकिरड्याचा खड्डा आणि लोढणं पहिल्या पानावर, क्लिन्सी-झाचा हिशेब दुसऱ्या. केळी-काकडीचं उदाहरण समितीपुढे तोंडीच सांगतो, त्याला कागद लागणार नाही.